कधीच न सापडलेला विजेता : नागपुरातल्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

२०१२च्या पावसाळ्यात आमच्या सायकल गटापुढे आलेला प्रश्न वरवर अगदी छोटा होता. दर डिसेंबरात आम्ही नागपूरहून रामटेकला जातो, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. त्या राइडच्या बॅनरवर आणि टी-शर्टच्या पाठीवर पहिल्यापासून टूर द फ्रान्स या सगळ्यांत मोठ्या सायकल शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याच्या पिवळ्या जर्सीतला अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग असायचा. २४ ऑगस्टला अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे युसाडाने, त्याच्यावर आजन्म बंदी घातली आणि १ ऑगस्ट १९९८ पासूनचे त्याचे सगळे निकाल रद्द केले. १९९९ ते २००५ अशी ओळीने जिंकलेली सात टूर द फ्रान्स त्यात गेली. टी-शर्टची ऑर्डर दिवाळीआधी द्यावी लागते. फोटो ठेवायचा की काढायचा?

यावर रविवारमागून रविवार वाद झाला. सकाळची राइड संपली की फुटाळ्याजवळच्या टपरीवर तर्री पोहे यायचे आणि विषय पुन्हा सुरू व्हायचा. मी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो, म्हणून दोन्ही बाजूंचा पुरावा मांडायचं काम माझ्याकडे आलं. तो वाद इतक्या वर्षांनी लिहून काढतो आहे याचं कारण असं, की एखाद्या खेळाडूवर आरोप झाला की लोक अजूनही तेच मुद्दे त्याच क्रमाने मांडतात आणि त्याच जागी अडतात.

पाचशे तपासण्या

बचावाची बाजू मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणाने उचलली होती. तयारीने यायचा. त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच असायचं : "पाचशे वेळा तपासलं ना भाऊ त्याले, एकदाही सापडला नाही. मग काहून बदनाम करून राहिले?"

हा आकडा आर्मस्ट्राँगच्या बाजूनेच वर्षानुवर्षं फिरवलेला होता. युसाडाने पुढे जाहीर केलेला हिशेब वेगळा निघाला : तिने स्वतः घेतलेल्या तपासण्या साठांहून कमी, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, सुमारे २१५. पण आकडा पाचशे धरला तरी मूळ प्रश्न राहतोच, की त्या तपासण्या नेमकं काय शोधू शकत होत्या.

इथे गटातल्या पॅथॉलॉजिस्ट ताईंनी आम्हाला नीट समजावलं. इपीओ हे संप्रेरक आपल्या मूत्रपिंडात तयार होतं आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांना त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. धंतोलीतल्या कुठल्याही मोठ्या औषधांच्या दुकानात ते फ्रिजमध्ये असतं. निरोगी माणसाने ते घेतलं की रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, वाढतं. स्नायूंना प्राणवायू जास्त पोचतो आणि चढावर दम उशिरा लागतो. लघवीतून इपीओ ओळखण्याची चाचणी २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी आली, टूरमध्ये २००१ पासून वापरात आली. म्हणजे १९९९ आणि २००० च्या टूरमध्ये ते शोधण्याचं साधनच नव्हतं. त्या काळात यूसीआयकडे फक्त एक आडवळणाची मर्यादा होती : हिमॅटोक्रिट ५० टक्क्यांवर गेलं तर स्वाराला निदान पंधरा दिवस विश्रांती. त्याला उत्तेजक घेतल्याची शिक्षा म्हणत नसत, तब्येतीची काळजी म्हणत. चाचणी आल्यावरही रात्री शिरेतून थोडी मात्रा घेतली तर सकाळपर्यंत सापडण्याजोगं फारसं उरत नसे. आणि स्वतःचंच रक्त काढून, साठवून, शर्यतीत परत चढवलं तर ते पकडणारी थेट चाचणीच नव्हती.

पहाऱ्याला किती भोकं होती याचा एक प्रसंग आर्मस्ट्राँगच्याच संघातल्या जोनाथन वॉटर्स यांनी शपथेवर सांगितला आहे. १९९८ची जागतिक स्पर्धा, नेदरलँड्स. यूसीआयचा तपासनीस रक्ताचे नमुने घ्यायला संघाच्या मुक्कामी येऊन बसलेला. संघाचा डॉक्टर बाहेर गाडीपर्यंत गेला आणि रेनकोटखाली एक लिटर सलाइनची पिशवी लपवून तपासनिसाच्या समोरून परत आत आला. आतल्या खोलीत ते सलाइन आर्मस्ट्राँगला चढवलं, रक्त पातळ झालं, मग नमुना दिला. कागदावर ही तपासणी 'पास' आहे. पाचशेच्या आकड्यात हीसुद्धा मोजली जाते.

शिवाय 'एकदाही सापडला नाही' हेही खरं नव्हतं. १९९९च्या टूरमध्येच त्याच्या नमुन्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचा अंश मिळाला होता. सीटवर घासून झालेल्या जखमेचं मलम लावल्याचं सांगत डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली गेली आणि यूसीआयने ती मान्य केली. संघाची मालिशवाली एमा ओ'रायली हिने पुढे सांगितलं की ती चिठ्ठी मागाहून बनवून आधीची तारीख टाकली होती, आणि ते ठरताना ती तिथेच होती.

२००५ मध्ये फ्रान्सच्या लेकिप दैनिकाने १९९९च्या साठवलेल्या सहा नमुन्यांत इपीओ सापडल्याचं छापलं, तेव्हा आमच्यातल्या काहींना ते पुरेसं वाटलं होतं. मला ते कायद्याच्या दृष्टीने कच्चं वाटलं, आजही वाटतं. ते नमुने संशोधनासाठी तपासले होते, 'अ' नमुना उरलेला नव्हता, नाव आणि नमुना क्रमांक यांची जोड वर्तमानपत्राने लावली होती. त्या एकट्या पुराव्यावर मी कुणाला दोषी म्हणणार नाही. पण बाजूला उभं राहून आधार देणारा पुरावा म्हणून त्याचं वजन कमी नाही.

१९९८चं फेस्टिना प्रकरण मी मुद्दाम सांगितलं. टूरच्या आधी त्या संघाचा मदतनीस विली वूट बेल्जियमच्या सीमेवर औषधांनी भरलेल्या गाडीसह कस्टम्सच्या हाती लागला. संघातले बहुतेक स्वार घेत होते आणि प्रयोगशाळेला पत्ता नव्हता. अमेरिकन धावपटू मॅरियन जोन्सही तपासण्यांचाच दाखला देत राहिली होती. २००७ मध्ये तिने न्यायालयात कबुली दिली.

माफीचे साक्षीदार

खरा वाद इथे पेटला. ऑक्टोबरच्या १० तारखेला युसाडाने आपला सकारण निर्णय जाहीर केला : २०२ पानं, जोडीला हजारावर पानांचा पुरावा, २६ जणांच्या साक्षी, त्यांत ११ आर्मस्ट्राँगचे जुने संघसहकारी.

मिहानवाल्या मित्राचा आक्षेप मात्र वकिलालाही दाद द्यावीशी वाटेल असा होता. म्हणाला, "हे सगळे स्वतः घेणारे. सापडल्यावर शिक्षा कमी करून घ्यायला दुसऱ्याचं नाव घेऊन राहिले. आणि उलटतपासणी झाली काय एकाची तरी?"

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हा खेळत असलेल्या सहकाऱ्यांना सहाच महिन्यांची बंदी मिळाली. फ्लॉइड लँडिसने २००६ची टूर टेस्टोस्टेरॉनमुळे गमावली होती, चार वर्षं तो निर्दोष असल्याचं सांगत लोकांकडून खटल्यासाठी पैसे गोळा करत होता, आणि मग २०१० मध्ये उलटला. सरकारच्या वतीने दावा लावल्याबद्दल त्याला पुढे २०१८च्या तडजोडीतून ११ लाख डॉलर मिळाले. एकट्या लँडिसच्या शब्दावर मी मांजरही दोषी ठरवणार नाही.

पण आपल्याकडच्या कोर्टांना हा पेच नवा नाही. तेव्हा लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १३३ सांगतं की गुन्ह्यातला साथीदार सक्षम साक्षीदार असतो. कलम ११४चा दृष्टांत लगेच सावध करतो की महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळाल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये असं कोर्ट धरून चालू शकतं. दोन्ही एकत्र वाचायची असतात. म्हणून आमच्यापुढचा प्रश्न साथीदार चांगले की वाईट हा नव्हता. त्यांच्या बोलण्याला बाहेरून दुजोरा कुठे मिळतो, एवढंच पाहायचं होतं.

दुजोरा तीन जागी मिळाला. पहिला बँकेचा. इटालियन डॉक्टर मिकेले फेरारी याच्या स्विस कंपनीला आर्मस्ट्राँगकडून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम गेल्याच्या नोंदी युसाडाने मांडल्या. २००४ मध्ये इटलीत फेरारीला उत्तेजकांच्या प्रकरणात दोषी ठरवणारा निकाल लागला तेव्हा व्यावसायिक संबंध संपवल्याचं आर्मस्ट्राँगने जाहीर केलं होतं. तो निकाल नंतर अपिलात टिकला नाही, पण पैसे जात राहिले. कागदाला वैर नसतं.

दुसरा, आरोपीच्या वागण्याचा. कलम ८ प्रमाणे वर्तनसुद्धा पुरावा असतो. २००४च्या टूरचा अठरावा टप्पा. फिलिप्पो सिमेओनी हा इटालियन स्वार एकूण क्रमवारीत कुठेच नव्हता, पण त्याने फेरारीविरुद्ध साक्ष दिली होती. तो पुढच्या छोट्या घोळक्याकडे सुटला, तेव्हा पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग, शर्यतीच्या दृष्टीने काहीएक गरज नसताना, त्याच्यामागे धावला. त्याला मागे यायला भाग पाडलं आणि कॅमेऱ्यापुढे बोटाने ओठांवर चेन ओढल्याची खूण केली. १९९९ मध्ये क्रिस्तोफ बासों या फ्रेंच स्वाराला, जो उत्तेजकांबद्दल उघड लिहीत होता, त्याने शर्यतीतच गाठून खेळ सोडून जायला सुनावलं होतं. बासों ती टूर अर्धवट सोडून घरी गेला. निर्दोष माणूस संतापतो, भांडतो, मान्य. साक्षीदाराला तोंड बंद ठेवायची खूण तो का करेल?

तिसरा दुजोरा माझ्या मते सगळ्यांत मोठा आहे आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. साक्ष कधी दिली आणि तेव्हा साक्षीदाराच्या पदरात काय पडणार होतं, हे बघा. एमा ओ'रायली २००४ मध्ये बोलली. सुईच्या खुणा झाकायला मेकअप मागितल्याचं, स्पेनला जाऊन गोळ्या आणून नीसजवळच्या मॅकडोनाल्ड्सच्या पार्किंगमध्ये त्याच्या हाती दिल्याचं तिने सांगितलं. बेट्सी आंद्रेऊ, सहकारी फ्रँकी आंद्रेऊची बायको, २००५ मध्ये शपथेवर बोलली : ऑक्टोबर १९९६, इंडियानापोलिसचं हॉस्पिटल, डॉक्टरांनी विचारलं आणि कॅन्सरच्या त्या रुग्णाने इपीओ, टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन, कॉर्टिसोन, स्टेरॉइड अशी यादी सांगितली. ती खोलीत होती. या दोघी सायकलपटू नव्हत्या. त्यांच्यावर बंदी नव्हती, कमी करून घ्यायला शिक्षा नव्हती, आणि २००४-०५ मध्ये सवलत देणारं कुणी समोर उभंही नव्हतं. समोर होता जगातला सगळ्यांत लाडका खेळाडू आणि त्याचे वकील. ओ'रायलीला त्याने दाव्यात ओढलं, तिच्या चारित्र्यावर बोलला. बेट्सीला वर्षानुवर्षं द्वेष्टी, वेडी ठरवलं गेलं.

हॉस्पिटलच्या त्या खोलीतली दुसरी एक बाई शपथेवर 'असं काही ऐकलं नाही' म्हणाली, हे मी गटापुढे लपवलं नाही. पण त्याआधी फोनवर ती याच्या उलट बोलल्याचं ध्वनिमुद्रण आहे. कोर्टात अशी साक्ष पहिल्याच प्रश्नाला ढासळते.

राहिली उलटतपासणी. ती झाली नाही, कारण आर्मस्ट्राँगने लवादापुढे जायलाच नकार दिला. युसाडाला अधिकार नाही म्हणून तो आधी ऑस्टिनच्या फेडरल कोर्टात गेला. २० ऑगस्टला न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी दावा फेटाळला. तीन दिवसांनी त्याने 'आता पुरे झालं' म्हणत माघार घेतली. सव्वीस जणांना पिंजऱ्यात उभं करून एकेकाचं खोटं उघडं पाडायची संधी दारात आली होती. ती सोडणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान निघणारच.

खेळातल्या पुराव्याचा मापदंड फौजदारी खटल्याहून थोडा खाली असतो : वाजवी संशयापलीकडे नेण्याची गरज नाही, पण निव्वळ शक्यतांच्या तोलापेक्षा बरंच वर. मी गटाला सांगितलं, माझ्या मते हे प्रकरण फौजदारी मापालाही उतरतं. जॉर्ज हिंकापी, जो सातही विजयांत त्याच्या शेजारून सायकल चालवत होता आणि ज्याने कधी त्याच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नव्हतं, तो बोलल्यावर माझ्या मनात काही उरलं नाही.

'सगळेच घेत होते'

ऑक्टोबरअखेर बचाव या मुद्द्यावर येऊन थांबला. म्हणजे घेतलं असेल, पण बरोबरीच्यांतही तोच श्रेष्ठ. याला आधारही होता. युसाडाच्याच म्हणण्यानुसार त्या सात टूरमध्ये पहिल्या तिघांच्या २१ जागांपैकी २० जागांवरच्या स्वारांचा उत्तेजकांशी संबंध दिसतो. म्हणूनच त्या वर्षांचं विजेतेपद कुणालाच दिलं गेलं नाही.

पण बरोबरी कशाची? ताईंनी पोह्यांची प्लेट बाजूला सारून हिशेब मांडला. ज्याचं हिमॅटोक्रिट मुळात ४१ आहे त्याला पन्नास न ओलांडता नऊ अंक वाढवता येतात, ज्याचं ४८ आहे त्याला दोनच. इपीओने सगळ्यांना सारखा फायदा होत नाही. निसर्गाने ज्याला कमी दिलं त्याला जास्त होतो. त्यात ज्याच्याकडे फेरारीला द्यायला दहा लाख डॉलर आहेत त्याची बरोबरी कुणाशी? आणि बासोंसारखे जे नाही म्हणाले, त्यांचं नाव पहिल्या तिघांच्या यादीत शोधून कसं सापडेल? ते त्या यादीच्या बाहेर ढकलले गेले, हाच तर गुन्हा. मला या एका गोष्टीचा आजही राग येतो.

काकांचा प्रश्न

गटातले सगळ्यांत ज्येष्ठ काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून उठून त्यांनी साठीनंतर सायकल धरली. केमोच्या दिवसांत पुतण्याने अमेरिकेहून आर्मस्ट्राँगच्या लिव्हस्ट्राँग या कॅन्सर संस्थेचा पिवळा रबरी पट्टा पाठवला होता, तो त्यांच्या मनगटावर कायम असे. घामाने आणि उन्हाने पार फिका पडलेला. सगळ्या वादात ते बोललेच नव्हते. शेवटच्या बैठकीत एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, त्याचा कॅन्सर तरी खरा होता ना?"

खरा होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा अंडकोषातून तो पोटात, फुप्फुसांत आणि मेंदूत पोचलेला होता. दोन्ही ठिकाणी, अंडकोषावर आणि मेंदूवर, शस्त्रक्रिया झाल्या, केमोचे फेरे झाले. तो त्यातून वाचला यात खोटं काही नाही. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग पट्टा माझा राहीन. फोटो काढून टाका."

मला वाटतं त्या दिवशी ज्याने नेमकं वेगळं करायचं ते वेगळं केलं, ते काकाच. बाकीच्यांच्या मनात आजारातून उठलेला माणूस आणि शर्यतीत फसवणारा माणूस एकमेकांत गुंतले होते. बचाव करणाऱ्यांना वाटे, एवढं सोसलेला खोटं कसं बोलेल. विरोधकांपैकी एकदोघे तर कॅन्सरवरही शंका घेऊ लागले होते. खुद्द आर्मस्ट्राँगने ही गुंतवणूक बचावासाठी वापरली : मरणातून परत आलेला माणूस असलं काही शरीरात घालेल का, असं तो विचारायचा. लोकांना लाज वाटायची आणि ते गप्प बसायचे.

निर्णय आणि नंतर

२२ ऑक्टोबरला यूसीआयने युसाडाचा निर्णय मान्य केला आणि 'अमेरिकन संस्थेला फ्रान्सच्या शर्यतीचा काय अधिकार' हा उरलेला आक्षेपही संपला. आम्ही बॅनर आणि टी-शर्टवरून फोटो काढून टाकला. त्या वर्षीच्या टी-शर्टवर रामटेकच्या गडमंदिराची रेखाकृती होती. मिहानवाल्या मित्राने विरोधात मत दिलं, ते वहीत तसंच नोंदवलं आहे. जानेवारी २०१३ मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या टीव्ही मुलाखतीत आर्मस्ट्राँगने इपीओ, रक्त चढवणं, टेस्टोस्टेरॉन, सगळं कबूल केलं, तेव्हा तो मित्र सकाळीच माझ्याकडे आला. त्याला दुःख फसवणुकीचं नव्हतं. आपण बेट्सीला खोटारडी म्हणत आलो, ते त्याला लागलं होतं.

गटात तेव्हापासून एक काम वाढलं. जिल्हा पातळीवर खेळणारी मुलं आमच्याबरोबर सरावाला येतात आणि जिममधून बिनलेबलच्या पावडरी आणतात. त्यांना आम्ही सांगतो की नमुन्यात पदार्थ सापडला तर तो शरीरात कसा गेला हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूचीच. 'मला माहीत नव्हतं' म्हटल्याने सुटका नाही. नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, नियम आणि २०२२चा राष्ट्रीय कायदा दोन्ही त्यांना दाखवतो.

एका मुद्द्यावर वाद अजून मिटलेला नाही. आर्मस्ट्राँग २००९ मध्ये परत आला, टूरमध्ये तिसरा आला. त्या पुनरागमनात आपण काही घेतलं नाही असं तो कबुलीतही म्हणाला. मिहानवाला मित्र हे मानतो. एवढं सगळं सांगितल्यावर हेच का लपवेल, असं त्याचं म्हणणं. ताई मानत नाहीत. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण एवढे, की रेटिक काउंट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशींची मोजणी, त्यांच्या रोजच्या कामातली. बाहेरून रक्त चढवलं की मज्जा नवीन पेशी बनवणं कमी करते आणि हा आकडा खाली जातो. २००९ आणि २०१०च्या टूरमधल्या त्याच्या नमुन्यांत तो असाच खाली आहे, आणि युसाडाच्या तज्ज्ञाने असं नैसर्गिकरीत्या घडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी सांगितली आहे. मी ताईंच्या बाजूने आहे. जुने विजय तर कबुलीआधीच गेले होते. २००९ची कबुली दिली असती तर नव्या दाव्यांची मुदत तिथून मोजली जाण्याची भीती होती. लपवायला कारण होतं, आणि रक्ताचे आकडे त्याच्याविरुद्ध आहेत.